घरी शिकणाऱ्या मुलाची भाषा आणि आईचा वेळ

(मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या तीन-चार वडीलमंडळींनो,

मला विषय दिला आहे तो घरी शिकणाऱ्या मुलांच्या वाचन-लेखनाचा. मी शिक्षिका नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली बारा वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये बायांच्या गटांबरोबर काम करते आहे. मुलांच्या अभ्यासाशी माझा संबंध आला तो या बायांमुळे. त्यामुळे मी जे सांगेन ते आयांच्या आणि मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसून पाहिलेलं आहे. आणि एक आधीच सांगून ठेवते, मुलाच्या भाषेबद्दल बोलता बोलता मी तुमच्याबद्दल बोलायला लागणार आहे. घरशाळा म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. त्या शाळेतली मुख्याध्यापक, बाई, शिपाई आणि खिचडी शिजवणारी ही सगळी पदं बहुतेक घरांत एकाच व्यक्तीकडे असतात आणि तिला पगार नसतो.

'आमची मुलगी घरीच शिकते' हे वाक्य मी फार वेगवेगळ्या घरांत ऐकलं आहे. एक घर तुमच्यासारखं, विचार करून शाळेतून मूल काढलेलं किंवा घातलेलंच नाही असं. दुसरं घर, जिथं मुलाला गंभीर अपंगत्व किंवा मोठं आजारपण आहे आणि रोज शाळेत नेणं-आणणं जमत नाही. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यात तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय स्पष्टपणे दिला आहे. आणि तिसरं घर असं की मुलगी दहा वर्षांची झाली, धाकटा भाऊ सांभाळायचा आहे, आई चार घरची कामं करते, मग ती 'घरीच शिकते'. दप्तर माळ्यावर गेलेलं असतं. हे शिकणं नाही, हे घरी ठेवणं आहे. ओळखायचं कसं? तिच्या हातात रोज पुस्तक येतं का आणि तिच्याएवढ्या भावाला तेवढंच घरकाम आहे का, एवढं विचारलं तरी कळतं. अशी मुलगी तुमच्या शेजारी असेल तर तिला घरशाळेचं पुस्तक देऊन समाधान मानू नका, तिला शाळेत घेऊन जा. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं प्रशिक्षणही द्यावं लागतं. हे मी पहिल्यांदा सांगितलं, कारण पुढचं सगळं बोलणं या मुलींच्या विरोधात वापरलं जाऊ नये.

आता भाषेकडे येऊ.

आया माझ्याकडे येतात त्या वही घेऊन. 'ताई, बघा, याला अजून जोडाक्षरं येत नाहीत.' मी वही बाजूला ठेवते आणि विचारते, काल दिवसभरात तुम्ही त्याच्याशी काय काय बोललात ते आठवून सांगा. मग यादी निघते. ऊठ. दात घास. पसारा आवर. हळू. तिकडे जाऊ नको. जेव. अभ्यासाला बस. झोप. सगळी आज्ञार्थी वाक्यं. यात आईचा दोष काढायचा नाही, सकाळपासून धावणारी बाई दुसरं काय बोलणार? पण मुलाच्या कानावर दिवसभर दोन-तीन शब्दांची वाक्यं पडली, तर पुस्तकातलं 'पाऊस थांबला असता तर ती निघाली असती' असं वाक्य समोर आल्यावर तो अडखळतो, आणि आपण म्हणतो याला वाचता येत नाही. त्याला अक्षरं येतात. असं वाक्य त्यानं ऐकलेलंच नाही.

म्हणून वाचनाची तयारी बोलण्यात होते, आणि त्यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात किती क्रियापदं आहेत ती मोजा. निवडणं, पाखडणं, चाळणं, कांडणं, खुडणं, सोलणं, वैरणं, परतणं, उकडणं, निथळणं. पाखडणं आणि चाळणं यात काय फरक, दोन्हीला कचराच निघतो तर शब्द दोन का, हा प्रश्न सहा वर्षांच्या मुलाला विचारून बघा. तो सूप आणि चाळणी दोन्ही हातात घेईल, करून बघेल, आणि मग स्वतःच्या शब्दांत सांगेल. ते सांगणं महत्त्वाचं. कालचा बाजार सांगायला लावा, आधी कुठे गेलो, मग काय झालं, भाजीवाली का चिडली. 'का' आणि 'नाहीतर काय झालं असतं' हे दोन प्रश्न रोज निघाले पाहिजेत. आणि हो, मेथी निवडायला मुलगा आणि मुलगी दोघांनाही बसवा. शब्दसंग्रह दोघांनाही लागतो.

इथे एक अडचण येते, ती आईच्या मनातली. आमच्या गटात यवतमाळकडची एक बाई आहे. गटात तिच्याइतकं रंगवून कुणी सांगत नाही. पण मुलाच्या अभ्यासाची वेळ झाली की ती गप्प होते. 'माझं बोलणं अशुद्ध आहे ताई. मी 'मले' म्हणते. त्याची भाषा बिघडंल.' मग घरात दोन तास शांतता, आणि मूल वर्कबुकातल्या रिकाम्या जागा भरत बसतं. हे मी कितीतरी घरांत पाहिलंय, खेड्यातून आलेल्या आणि शिकून नोकरी केलेल्या बायांच्यासुद्धा. शाळेत कुणीतरी कधीतरी हसलेलं असतं, ते वीस वर्षं घशात अडकून बसतं.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या खानदेशी बोलीत रचत होत्या, शेतात, घरात, जात्यावर. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी ते उतरवून घेतलं, आणि बहिणाबाई १९५१ साली गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आपण बहिणाबाईंच्या प्रतिभेबद्दल बोलतो ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आई सांगते आहे आणि मुलगा लिहून घेतो आहे. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या प्रयत्नांतून गावोगावच्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. गाणाऱ्यांतल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या. भाषेचा एवढा मोठा साठा ज्यांच्याकडे आहे त्यांनी मुलाच्या अभ्यासाच्या वेळी तोंड मिटून बसायचं, हे उलटं आहे.

तर त्या यवतमाळच्या बाईला मी म्हटलं, तुम्ही सांगा आणि त्याला लिहू द्या. मुलगा दहा वर्षांचा. तिनं लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला आल्याची हकीकत सांगितली, स्टेशनवर नवरा तिकीट काढायला गेला आणि ही बोचक्यावर बसून राहिली ती. मुलगा भराभर लिहीत होता आणि मध्येच थांबला. म्हणाला, 'आई 'मले' म्हणते. मी 'मला' लिहू का?' मी त्यालाच विचारलं, बोलतंय कोण? तो म्हणाला, आई. मग आईचं वाक्य आईसारखं लिही, आणि तुझं वाक्य तुला वाटतं तसं लिही. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, 'मग आईचं कुठं संपलं हे कसं कळणार?' अशा रीतीनं अवतरणचिन्ह त्या घरात आलं. पुस्तकात ते चौथीपासून होतं, पण त्याला त्या दिवशी ते हवं होतं. प्रमाणभाषा आणि बोली यांचं नातं, कोण कुणाशी कुठे कसं बोलतं, हे सगळं त्या एका प्रश्नात आलं. त्या दिवशी त्यानं दीड पान लिहिलं. एरवी पाच ओळींवर त्याची पेन्सिल मोडायची. पुढच्या आठवड्यात त्यानं ते गटात वाचून दाखवलं, आणि 'मले' आलं तेव्हा कुणी हसलं नाही. आई पदर तोंडाला लावून बसली होती, पण ऐकत होती.

आता अगदी लहान मुलांच्या वाचनाचं. बाराखडी घोकून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, तालावर म्हणायला मुलांना आवडतं. पण बाराखडी पाठ म्हणता येणं आणि वाचता येणं या दोन गोष्टी आहेत. अ पासून ज्ञ पर्यंत सगळं आल्याशिवाय शब्द वाचायचा नाही असं ठरवलं तर मूल सहा महिने वाचनाच्या दाराबाहेर उभं राहतं. त्यापेक्षा चार अक्षरं घ्या. म, क, ल, आ, आणि एक काना. एवढ्यावर 'मामा काल आला' हे पूर्ण वाक्य वाचता येतं. पहिल्याच आठवड्यात. ते वाचल्यावर मुलाचा चेहरा बघा. एका मुलीनं मला लगेच विचारलं होतं, 'मामी नाही आली?' मामीला वेलांटी लागते, म्हणून ती दुसऱ्या आठवड्यात येते! तिलाही आणायचंच. मग 'मामी काल आली' लिहिताना 'आला'चं 'आली' का झालं हे बोलता येतं. पुढे न, ब, र, स, त अशी रोजच्या शब्दांत सापडणारी अक्षरं घ्यायची, आणि प्रत्येक नव्या अक्षराबरोबर घरातल्या माणसांची नावं लिहून भिंतीवर लावायची.

आपली लिपी सोपी आहे, पण ती अगदी बोलते तशी लिहिली जाते हे काही खरं नाही. 'कमळ' वाचताना आपण शेवटच्या ळ मधला अ गिळतो. मूल प्रामाणिकपणे क-म-ळ असं तिन्ही अक्षरं सुटी, पूर्ण उच्चारतं, आणि त्याला शब्द सापडत नाही. रागावू नका, 'आता पटकन म्हण' एवढंच सांगा. 'जग' हा शब्द दोन तऱ्हेनं वाचता येतो, दुनिया या अर्थी एक आणि जगणं या अर्थी दुसरा. 'चार' मधला च वेगळा, 'चारा' मधला वेगळा. लिहिताना दोन्ही एकच. मोठ्यानं वाचून दाखवणारं कुणी असल्याशिवाय हे मुलाला कळणार कसं? जोडाक्षरांची भीती घालू नका. 'ट्रक', 'रस्ता', 'चप्पल', 'दप्तर' हे शब्द मूल रोज बोलतं. आधी जोडाक्षर असलेला ओळखीचा शब्द, मग त्यातली फोड. र मात्र छळतो. 'क्रम', 'कर्म' आणि 'सुऱ्या' या तीन ठिकाणी त्याची तीन रूपं. ती एका दिवशी शिकवू नयेत, त्यांच्यात निदान महिनाभराचं अंतर ठेवावं.

वाचायला पुस्तकंच पाहिजेत असंही नाही. बसची पाटी, रेशन दुकानाचा फळा, साबणाचं वेष्टन, भेळेचा कागद, विजेचं बिल. पण पुस्तकं पाहिजेतच. माधुरी पुरंदरेंचे 'वाचू आनंदे'चे भाग घरात असावेत, आणि मोठ्या मुलांसाठी, खरं म्हणजे तुमच्यासाठीही, त्यांचं 'लिहावे नेटके'. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक रद्दीतही मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मुलाच्या नावाचं वेगळं कार्ड काढा. पुस्तक त्यानं निवडायचं, आणि नाही आवडलं तर अर्ध्यावर सोडायचा हक्क त्याला द्यायचा.

मुलाला स्वतःला वाचता यायला लागलं की आपण वाचून दाखवणं बंद करतो. करू नये. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जे समजतं ते त्याला जे वाचता येतं त्याच्या बरंच पुढे असतं. ते त्याला कानावाटेच मिळतं. रात्री पंधरा मिनिटं, घरातल्या कुणीही. ज्या आईला वाचता येत नाही तिनं काय करायचं? मुलाला वाचायला लावायचं आणि ऐकायचं, मनापासून. 'थांब, हा कोण म्हणालास? तो आधी चोर होता ना?' असं विचारणाऱ्या श्रोत्यासाठी मूल जितकं नीट वाचतं तितकं बाईंसाठीही वाचत नाही.

लेखनाबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. अक्षर सुंदर काढायला शिकवणं आणि लिहायला शिकवणं यांची आपण गल्लत करतो. रोज दहा ओळी शुद्धलेखन उतरवून हात वळतो, त्यापलीकडे काही होत नाही. लिहिण्याला कारण लागतं. बाजाराची यादी त्यानं करावी. आजीला पत्र लिहावं, आणि ते खरोखर पेटीत टाकावं. भावाशी भांडण झालं तर दोघांनी आपापली बाजू लिहून द्यावी. आमच्या एका वस्तीत आठवडाभर नळाला पाणी नव्हतं, तेव्हा बायांनी महापालिकेला अर्ज द्यायचं ठरवलं आणि त्याचा कच्चा मसुदा बारा वर्षांच्या एका मुलीनं केला. 'विषय', 'महोदय', 'तरी' हे शब्द तिला त्या दिवशी कळले, आणि मुख्य म्हणजे अर्जात राग किती ठेवायचा हे कळलं. तीन वेळा तिनं तो लिहिला. कुणीही तिला 'पुन्हा लिही' म्हणालं नव्हतं.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी, मांग समाजातली, अगदी कोवळ्या वयाची. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलं. ती शाळेत थोडीच वर्षं शिकलेली होती. तिच्याकडे सांगण्यासारखं होतं आणि ते ऐकायला बसलेली माणसं होती. मला वाटतं, लेखन शिकवण्याच्या कुठल्याही पुस्तकाआधी आपण हा निबंध मुलांना वाचून दाखवावा.

चुका? चुका सुधारायच्या, पण लाल पेनानं पान रक्तबंबाळ करायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट धरायची. उदाहरणार्थ, या महिन्यात शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार. मराठीत ते सहसा दीर्घ असतात, पाणी, वाटी, लाडू, चाकू, 'आणि'सारखे थोडे अपवाद सोडले तर. पुढच्या महिन्यात 'मीठ' पण 'मिठाचा', 'फूल' पण 'फुलाचा', म्हणजे प्रत्यय लागला की आधीचं अक्षर ऱ्हस्व होतं ते. मुलांना हे कोड्यासारखं घालावं, 'दूध'चं काय होईल? एवढ्यानं निम्म्या चुका आपोआप कमी होतात. बाकीच्या तशाच राहू द्या. आजीला त्या चालतात.

आणि मुलीची डायरी असेल तर ती वाचू नका. हे मी मुद्दाम सांगते. शाळेत जाणाऱ्या मुलीला निदान वर्गातल्या मैत्रिणीच्या कानात सांगता येतं. घरी शिकणाऱ्या मुलीच्या भोवती चोवीस तास आपणच असतो. तिची वही हीच तिची एकटीची खोली. मुलगी लिहायला लागली की घराला भीती वाटते, आजही. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ साली झालं आणि माधवरावांनी त्यांना घरीच शिकवायला सुरुवात केली, तेव्हा घरातल्या बायकांनी किती बोलून घेतलं ते त्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त आहे. १९१० साली त्यांनी ते छापलं, सगळं नीट आठवून. टोमणे मारणाऱ्या बायकांवर मी रागावू शकत नाही. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण आपण त्या जागी जाऊन बसू नये एवढं बघता येतं.

घरशाळेची एक उणीव आहे ती मान्य करायला हवी. ही मुलं मोठ्या माणसांशी छान बोलतात, मुद्देसूद, 'मला असं वाटतं की' वगैरे. पण समवयस्कांशी भांडताना शब्द सापडत नाहीत. भांडण ही भाषेची मोठी शाळा आहे, आणि आईशी ते नीट भांडता येत नाही, कारण आई शेवटी जेवायला वाढते. तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवस इतर मुलं पाहिजेतच, आणि ती फक्त आपल्यासारख्या घरांतली नकोत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि खालचे वर्ग २०२१ च्या अखेरीपर्यंत जवळपास बंदच राहिले. त्या काळात आमच्या वस्तीत ओट्यावर आठ-दहा मुलं बसवून गोष्टी वाचल्या जात. तिथे मोठी मुलं लहानांना वाचून दाखवत. एकट्या घरात मोबाईलसमोर बसलेल्या मुलांपेक्षा या मुलांची जीभ जास्त सुटलेली होती हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

इंग्रजीचा प्रश्न चहाच्या वेळी येणारच आहे, म्हणून थोडक्यात. एका भाषेत वाचनाची गाडी रुळावर आली की दुसरीत ती लवकर चढते. मराठी वाचता येईपर्यंत इंग्रजी कानावर पडू द्या, गाणी, गोष्टी, बोलणं. लिपी नंतर. परीक्षांचं म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष पातळ्या आहेत, राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी-आठवी आहे, आणि दहावीला १७ नंबरचा फॉर्म आहेच. त्याच्या तारखा बघून ठेवा, त्यावर वेळ घालवत नाही.

कारण वेळेबद्दलच बोलायचं राहिलं आहे.

पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, संस्कृत शिकवलं. कुठे, तर तीर्थयात्रेच्या भटकंतीत. आपल्याकडची घरशाळेची ही केवढी मोठी गोष्ट! १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या मुलीला 'सरस्वती' म्हटलं ती आईच्या हाताखाली तयार झाली. पण लक्ष्मीबाई शिकवायच्या केव्हा? भल्या पहाटे, उजाडायच्या आत, झोपेतल्या मुलीला उठवून. उजाडल्यावर घरकामातून त्यांना सवड नसे. हा तपशील मी विसरू शकत नाही. मुलीला विद्या मिळाली ती आईच्या झोपेतून.

आणि आज? २०२४ च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं भरली, आणि घरकाम करतो म्हणणाऱ्या पुरुषांची ८८. हे फक्त घरकाम, मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं बघणं वेगळं मोजलेलं आहे. त्यात आता मराठी, गणित, विज्ञान आणि चित्रकला घाला. माझ्या ओळखीच्या एका बाईनं घरशाळेसाठी नोकरी सोडली. पाहुणे आले की नवरा अभिमानानं सांगतो, 'आम्ही मुलांना घरी शिकवतो.' मी एकदा त्यांना विचारलं, या 'आम्ही'मध्ये कोण कोण येतं? ते हसले. बायको हसली नाही.

म्हणून मुलाच्या वेळापत्रकाशेजारी दुसरं एक वेळापत्रक भिंतीवर लावा. आठवडाभर त्यात फक्त लिहायचं, आज कुणी वाचून दाखवलं, कुणी वही बघितली, वाचनालयात कोण गेलं, शिकवताना गॅसवरचं दूध कुणी बघितलं. मुलालाच नोंद करू द्या, त्याचं लेखनही होईल. त्या बाईंच्या घरी हे झालं. सात दिवसांच्या तक्त्यात एकाच नावाची रांग दिसल्यावर रात्रीचं वाचन आणि रविवारची सकाळ नवऱ्याकडे गेली. सुरुवातीला ते वर्तमानपत्रच वाचून दाखवायचे, क्रिकेटचं पान. मुलाला 'धावफलक' हा शब्द लिहिता यायला लागला, हरकत नाही. ती रविवारची सकाळ बाईंनी काय केली? पहिल्या रविवारी झोपल्या. दुसऱ्या रविवारपासून पुस्तक घेऊन गॅलरीत बसायला लागल्या, स्वतःचं पुस्तक. मुलगा दोनदा हाक मारत गेला. तिसऱ्यांदा वडिलांनी त्याला सांगितलं, 'आई वाचते आहे, तिला हाक मारू नको.' हे वाक्य मराठीत किती कमी बोललं जातं याचा विचार करा.

आता अर्धा तास आपण प्रत्यक्ष काम करणार आहोत. मुलं शेजारच्या खोलीत आहेत, त्यांना कागद-पेन्सिली दिल्या आहेत. प्रत्येकीनं आपल्या मुलाला किंवा मुलीला तिला ठाऊक नसलेली, आपल्या लहानपणची एक गोष्ट सांगायची, आपल्याच बोलीत, आणि त्यांनी ती लिहून घ्यायची. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांनी चित्र काढावं आणि खाली आईनं किंवा दुसऱ्या मोठ्या मुलानं एक ओळ लिहावी. मध्ये दुरुस्ती करायची नाही. दाराजवळ टेबलावर 'किशोर'चे जुने अंक आहेत, जाताना एकेक न्या, पुढच्या बैठकीला परत आणा. आणि या अर्ध्या तासात तीस जणींच्या चहाचं मागच्या रांगेनं बघायचं आहे. साखर उजवीकडच्या डब्यात आहे.